टी-सतरा

मी टी-सतरा बोलतेय. थांबा, आधी हात दाखवा! तेलकट बोटांनी उचलणारे पुष्कळ पाहिलेत मी. कडेला धरा. हं, असं. आता ऐका.

मी एक मोठी काळी रेकॉर्ड. माझ्यात एका बाईंची आठ गाणी आहेत, पण लेबलावर त्यांचं नाव छापलेलं नाही, नुसतं 'टी-१७' आहे. ते कसं झालं हे ऐकलंत, की मी इतकी संशयी का ते कळेल.

आमच्या कंपनीत नंबराआधी अक्षर लावायची पद्धत होती. गाण्यांना 'जी', कथांना 'के', आणि प्लेअर दुरुस्त करणाऱ्या मेकॅनिक लोकांना मशीन तपासायला द्यायच्या रेकॉर्डींना 'टी', म्हणजे टेस्ट. टीवाल्या विकायच्या नसत. म्हणून त्या छापील यादीत येत नसत, आणि त्यांच्यावर कुणाचं नावही घालत नसत. अक्षर ठरवणाऱ्या कारकुनाला सगळे नंबरकाका म्हणत.

मी कोऱ्या लेबलाची, नमुना म्हणून त्याच्या टेबलावर पडले होते. काकाने टीची वही उघडली, चष्मा पुसला आणि पुटपुटला, "सोळा आहे, अठरा आहे, सतरा कुठे गेला?" त्या नंबरची रेकॉर्ड बिघडली म्हणून रद्द झाली होती. वहीत मधेच रिकामी ओळ! काकाच्या जिवाला चैन पडेना.

"काका, ही गाण्यांची आहे हो," शेजारची टायपिस्ट म्हणाली. "जी लावा."

"गाणं वाजवूनही मशीन तपासता येतं," काका म्हणाला. "अशी भोकं पडलेली वही मात्र साहेबांपुढे नेता येत नाही."

आणि त्याने मला त्या ओळीत बसवलं.

यात काहीतरी काळंबेरं असणार, असं मला कित्येक वर्षं वाटायचं. कुणीतरी बाईंवर डूख धरला असेल, काकाचे कान भरले असतील. तसं काहीच नव्हतं, आणि त्याचाच मला जास्त राग येतो.

मग मी एका मेकॅनिकच्या दुकानात आले. माणूस वाईट नाही, पण घाईचा. मशीन दुरुस्त झालं की मला लावायचा, दहा सेकंद ऐकायचा, "ओके" म्हणून सुई उचलायचा. चाळीस वर्षं माझी पहिली ओळच वाजली. तेवढ्या जागी ओरखडे आहेत, बाकी मी कोरी करकरीत.

परवा एक आजी नातीला घेऊन आल्या, बंद पडलेला प्लेअर दाखवायला. मेकॅनिकने सुई बदलून मला लावलं. पहिली ओळ झाली, त्याचा हात पुढे आला.

"थांबा!" आजी ओरडल्या. "हे मी गायलेय."

मी मनात म्हटलं, आल्या मोठ्या गाणाऱ्या! फुकटात रेकॉर्ड लाटायचा डाव दिसतोय.

"आजी, ही टेस्टची आहे," मेकॅनिक म्हणाला. "टी लिहिलंय बघा. गाण्यांची असती तर जी असता."

नात कानकोंडी झाली. "आजी, चल ना. घरीही रोज हेच. तुझं नाव कुठल्या यादीत तरी आहे का?"

आजी जागच्या हलल्या नाहीत. "वाजू द्या. तिसऱ्या कडव्याआधी मला खोकला आला होता. पुन्हा गाते म्हटलं, तर म्हणाले, वेळ संपला."

मी दचकलेच. तिथवर त्या दुकानात कधी कुणी ऐकलंच नव्हतं!

मेकॅनिकने हात मागे घेतला. दुसरं कडवं संपलं, वाद्यं चालू राहिली, आणि त्यांच्यातून एक दाबलेला खोकला आला. नात आजींच्या तोंडाकडे बघतच राहिली.

मेकॅनिकने मला उलटी करून दुसरी बाजूही लावली. गिऱ्हाईक आलं, त्याला नुसत्या हाताने थांबवलं. आठही गाणी झाल्यावर त्याने पेन काढलं. "आजी, पूर्ण नाव सांगा. लेबलावर लिहितो."

आजींच्या आधीच नाव नातीने सांगितलं.

आता मी त्यांच्याच घरी आहे. तुमच्या हाती कधी अशी बिननावाची रेकॉर्ड लागली, तर कृपा करून शेवटपर्यंत वाजू द्या. आणि ऐकता ऐकता कुणी म्हातारं माणूस पुढे आलं, तर आधी त्याचं म्हणणं ऐका. त्या दिवशी मीही आजींना लबाड ठरवलं होतं. त्यांचा आवाज चाळीस वर्षं माझ्यापाशी होता, तरी मी त्यांना ओळखलं नाही.