ज्योतिबाची खुर्ची

मानसिंगमामांना ती एक गोष्ट सांगायला लावली की माणूस वीस वर्षांनी तरुण व्हायचा. फौजेतून सुटून ते विश्रामबागच्या त्या कॉलेजात शिपाई म्हणून लागले, पंचवीस वर्षं घंटा वाजवली, निवृत्तही झाले. पण पाय काही कॉलेज सोडेनात. रोज सकाळी पोर्चमधल्या बाकावर येऊन बसायचे आणि समोर कोणी सापडलं की सुरू.

गोष्ट ज्योतिबाची. दोन हजार सालच्या आसपास वडूजकडून आलेला पोरगा. पोलिओनं दोन्ही पाय गेलेले आणि वर्ग दुसऱ्या मजल्यावर. मामांनी काय करावं? ऑफिसातली एक लाकडी खुर्ची घेतली, तिला दोन्ही बाजूंनी बांबू बांधले, चार दांडगी पोरं हेरली आणि काढली की पालखी! एका खांद्याला रहिमान, दुसऱ्या खांद्याला बिराप्पा धनगर, कुणाची जात विचारायची कुणाला सवडच नव्हती. पहिल्या पायरीला मामा आरोळी ठोकायचे, "ज्योतिबाच्या नावानं..." आणि अख्खा जिना दणाणायचा, "चांगभलं!" तीन वर्षं, एक दिवस खाडा नाही. शेवटच्या पेपरला तर पोरांनी गुलाल उधळला. हे सांगताना मामांचा आवाज हमखास भरून यायचा. जन्मात आपल्या हातून एक काम चोख झालं ते हेच, असं त्यांना मनापासून वाटायचं. आणि का वाटू नये?

यंदा बी.कॉम.ला तासगावची जीनत आली, व्हीलचेअरवरून. वर्ग तोच, दुसऱ्या मजल्यावरचा. लिफ्ट मंजूर होती, म्हणजे कागदावर होती. प्राचार्या दीपमाला मॅडम म्हणाल्या, लिफ्ट होईपर्यंत स्टाफरूम वर नेऊ आणि वर्ग खाली आणू. झालं, स्टाफरूममध्ये कपाळाला आठ्या पडल्या. इतक्या वर्षांची पंख्याखालची जागा सुखासुखी कोण सोडतो? तेवढ्यात कुणाला तरी मामांची गोष्ट आठवली. उचलून नेऊ की पोरीला, आपल्या कॉलेजची ती रीतच आहे. सगळ्यांना पटलं. पटलं नाही ते फक्त जीनतला. "मला उचलायचं नाही," एवढंच ती म्हणाली आणि प्रवेश रद्द करायचा अर्ज देऊन मोकळी झाली. मॅडमनी तो सोमवारपर्यंत ड्रॉवरमध्ये दाबून ठेवला.

मामांच्या ते फार जिव्हारी लागलं. "लय हट्टी पोरगी हाय," ते म्हणाले. "ज्योतिबाच सांगंल तिला." शनिवारी त्यांनी साताऱ्याची एसटी धरली.

ज्योतिबा आता साताऱ्यात वकील. मामांना दारात बघून त्यानं खुर्चीत बसूनच त्यांना खाली ओढलं आणि गळ्यालाच मिठी मारली. मग चहा झाला, तासभर आठवणी निघाल्या. बिराप्पा कुठल्या पायरीवर घसरला, परीक्षेच्या दिवशी रहिमान कसा एकटाच दोघांचा भार पेलत होता, हसून हसून दोघांच्या डोळ्यांत पाणी आलं. मग मामांनी विषय काढला.

"तू तिला दोन शब्द सांग. कसली मजा यायची ते सांग."

ज्योतिबा कप बाजूला ठेवत म्हणाला, "मामा, कॉलेजात मी पाणीच पीत नव्हतो."

"म्हंजे?"

"सकाळी सातपासून दुपारी दोनपर्यंत घोटभरसुद्धा नाही. लघवीला लागली तर परत चौघांना गोळा करायचं, परत चांगभलं, खाली जायचं, परत वर यायचं. ज्योतिबा कशाला खाली निघालाय ते सगळ्या कॉलेजला कळायचं. दुसऱ्या वर्षी मूतखडा झाला, तेव्हा घरी सांगितलं, हॉस्टेलचं पाणी बाधलं."

"मग तवाच का न्हाई बोललास रं?"

"कसं बोलणार? तुमी एवढ्या मायेनं उचलायचा. तुमी नसता तर मी शिकलोच नसतो, हे खरंच आहे. तहान लागायची, तेही खरंच आहे. मला कुणी विचारलंच नाही, मामा."

परतीच्या एसटीत मामा खिडकीकडे तोंड करून बसले होते. त्यांना लाज वाटत होती. तीन वर्षं आपण आरोळ्या ठोकल्या आणि वर बसलेल्या पोराच्या घशाला कोरड होती. रडू आलं तेव्हा त्यांनी टोपी डोळ्यांवर ओढली.

सोमवारी ते थेट स्टाफरूममध्ये घुसले. "काय म्हणाला ज्योतिबा?" पंख्याखाली बसलेल्या सरांनी कौतुकानं विचारलं. मामांनी पाण्याचं सगळं सांगितलं, उभ्यानंच. शेवटी म्हणाले, "ती गोष्ट मी आता सांगणार न्हाई. तुमीबी कुणी सांगू नका." पंख्याखालचे सर उठले आणि आपल्या कपाटातली पुस्तकं काढायला लागले.

पोर्चमध्ये जीनत वडिलांबरोबर दाखला न्यायला आली होती. मामा तिच्यासमोर पायरीवर बसले.

"पोरी, तुला काय पायजे?"

थट्टा नाही, एवढी खात्री झाल्यावर ती म्हणाली, "खालचा वर्ग. आणि मामा, खालच्या बाथरूमची कडी लय वर हाय. माझा हात पोचत न्हाई."

ती कडी मामांनीच बसवली होती, स्वतःच्या उंचीला धरून.