खाली पाणी किती?

मित्रांनो, मी एक जुना खोलीमापक आहे. नाव ऐकून घाबरू नका. बोटीखाली पाणी किती खोल आहे, एवढी एकच गोष्ट मला कळते. माझा चेहरा, म्हणजे आकडे दाखवणारी तबकडी, सुकाणूजवळ बसते. माझा कान मात्र बोटीच्या तळाशी, पाण्यात असतो. तो खाली आवाज सोडतो. तो आवाज समुद्राच्या तळावर आपटून परत आला, की जायला-यायला किती वेळ लागला त्यावरून मी खोली सांगतो. विहिरीत खडा टाकून आपण कान देतो ना, तसेच काहीसे.

माझा जन्म एका लांबट कारखान्यात, खिडकीजवळच्या बाकावर झाला. माझ्या तारा जोडणारी बाई सतत गुणगुणत असे, पण तापलेल्या कांडीने धातू वितळवून जोडांना डाख देताना एकदम गप्प होई. "पाण्यात नांदायचंय याला. थेंब शिरता कामा नये," असे म्हणून तिने माझे रबरी कडे पुन्हा तपासले. तिचे ते बोल मी आजवर पाळले आहेत.

पुढे एका मालवाहू बोटीवर मी उमेदीची वर्षे काढली. तिथला कप्तान माझ्या डोक्यावर थोपटून म्हणे, "या बोटीवर तोंडावर खरं सांगणारा हा एकटाच!" मग ती बोट मोडीत निघाली. मला उपटून एका दुकानात खालच्या फळीवर ठेवण्यात आले. वरच्या फळीवर रंगीत स्क्रीन झळकत असत. गिऱ्हाईक वाकून मला उचलायचे, "हे अजून चालतं?" असे हसून विचारायचे आणि परत ठेवायचे. मी चालत होतो हो! पण कोरड्या फळीवर ते दाखवणार कसे?

एके सकाळी दुकानात आत्या आली. जन्मभर तिने दुसऱ्यांच्या बोटींची शिडे शिवली होती. निम्मे बंदर तिच्या टाक्यांवर पळत होते, पण तिची स्वतःची बोट नव्हती. आता तिने आणि शहरात बस चालवणाऱ्या तिच्या भाचीने मिळून खाडीपलीकडे एक जुनी शिडाची बोट घेतली होती. आत्याचा धाकटा भाऊ, म्हणजे भाचीचे बाबा, निवृत्त कप्तान. ते म्हणाले होते, "ताई, शिडं शिवणं वेगळं आणि बोट हाकणं वेगळं. बंदरात आणून दाखव, मग मानतो."

भाची थेट सगळ्यात मोठ्या स्क्रीनपाशी गेली. "आत्या, हे बघ! नकाशा, वेग, हवामान, सगळं यात. दोन घेऊ या!"

"अगं, बोट आहे का यंत्रांचं प्रदर्शन?" आत्या म्हणाली.

दुकानदारीण हसली. अंबाड्यात खोचलेली पेन्सिल काढून तिने विचारले, "यंत्रं राहू द्या. समुद्रात गेल्यावर तुम्हाला काय काय विचारावंसं वाटेल, ते सांगा."

आत्या बोटांवर मोजू लागली. "आपण कुठे आहोत? वारा कुठून येतोय? आणि खाली पाणी किती?"

"मग तीनच घ्या. तुमची बॅटरी लहान आहे, फार पोरं पोसायची नाही ती. आणि स्क्रीन बाहेर उन्हात धरून बघा. दुकानात सगळेच चमकतात."

भाचीने मोठा स्क्रीन रस्त्यावर नेला. उन्हात त्याचा आरसा झाला; नकाशाऐवजी तिला स्वतःचे नाकच दिसले! शेजारचा लहान स्क्रीन मात्र स्वच्छ वाचता येत होता. तो ठरला. वाऱ्याची दिशा सांगणारा पंख आत्याने फुंकर मारून पारखला.

"खोली कशाला मोजायची?" भाची म्हणाली. "नकाशात लिहिलेली आहे की."

"ती कुणीतरी, कधीतरी मोजलेली," दुकानदारीण म्हणाली. "आज किती आहे, ते आजच मोजावं लागतं." आणि तिने मला फळीवरून काढले.

दुकानामागच्या धक्क्यावरून तिने माझा कान पाण्यात सोडला. किती वर्षांनी तो गारवा! मी जीव एकवटून आकडा दाखवला. आत्याने खिशातल्या सुतळीला वजन बांधून स्वतः खोली मोजली. जुळले! मग माझा धोक्याचा भोंगा वाजवून पाहिला, तर भाची दचकून उडालीच.

"हाच हवा," आत्या म्हणाली. "चष्मा घरी विसरले तरी हाक मारील."

मित्रांनो, आम्हा तिन्ही यंत्रांना बोटीवर बसवून सारे बंदराकडे निघालो, त्या सकाळी आकाश निरभ्र होते. पण खाडीच्या मध्यावर धुके असे दाटले की शिडाचे टोकही दिसेना. सुकाणू भाचीच्या हाती, शिडाचा दोर आत्याच्या. लहान स्क्रीन सांगत होता, आपण वाटेच्या बरोबर मध्ये आहोत. पण माझ्या कानाला तळ वर येताना ऐकू येत होता. चार. तीन. अडीच. दोन मीटर झाले आणि मी भोंगा फुंकला.

"आत्या, नकाशात इथे सहा मीटर आहे! म्हातारा चुकतोय."

आत्याने पाण्याकडे पाहिले. ते चहासारखे गढूळ झाले होते. बोटीला दीड मीटर तरी पाणी हवे होते आणि ओहोटी लागली होती. इथे रुतलो असतो, तर बोट आडवी पडली असती.

"नकाशा यंदाच्या पुराच्या आधीचा आहे," ती शांतपणे म्हणाली. "नदीनं गाळ आणून टाकलाय. तू मला आकडे सांग आणि उजवीकडे वळव."

तिने शीड सैल सोडले. बोट हळू झाली, वळली. भाची गर्दीच्या बसमध्ये थांब्याची नावे पुकारावीत तशी ओरडू लागली, "पावणेदोन! पावणेदोनच! दोन! सव्वादोन! आत्या, वाढतंय गं!"

मग आम्ही तिघे भावंडांसारखे कामाला लागलो. बंदर कुठे ते स्क्रीनने सांगितले, वारा कुठून ते पंखाने आणि पाऊल कुठे टाकायचे ते मी. गाळाला वळसा घालून आम्ही खोल पाण्यात आलो. धुके विरळ झाले आणि समोर बंदर उभे राहिले. आत्याने स्वतः शिवलेले पांढरे शीड ताठ फुगले. धक्क्यावरचे कोळी, हमाल, बोटवाले हातातले काम टाकून पाहू लागले. कुणीतरी टाळी वाजवली आणि मग सारा धक्का दणाणला.

भाचीचे बाबा कडेला उभे होते. काळजीने त्यांचा चेहरा उतरला होता. आत्याने फेकलेला दोर त्यांनी झेलला.

"ताई," ते म्हणाले, "पुढच्या खेपेला मला घेशील?"

"घेईन की. आधी दोर नीट बांधून दाखव, मग मानते."

त्या गाळावर त्याच दिवशी दोन बोटी रुतल्या. दुसऱ्या दिवशी बंदराच्या लोकांनी आमचे आकडे विचारून वाटेची तरंगती खूण नव्या जागी हलवली. आता येणारी-जाणारी प्रत्येक बोट आम्ही शोधलेल्या वाटेने जाते. हे सांगताना माझी तबकडी अभिमानाने उजळते.

मित्रांनो, पाण्यात राहिले की माझ्या कानावर शेवाळ चढते, शिंपले बसतात. मग मीही बहिरा होतो. म्हणून बोट किनाऱ्यावर ओढली की आत्या सगळ्यात आधी खाली वाकते आणि लाकडी पट्टीने, ओरखडा न काढता, माझा कान खरवडते. तुमच्या घरीही माझ्यासारखे कुणी असेल. त्याला वापरा, पुसा, जपा. खरे ऐकायचे असेल, तर सांगणाऱ्याची एवढी निगा तरी राखायलाच हवी.