डिस्क म्हणते, लिहिलं

रक्तपेढीच्या नव्या सर्व्हरसाठी डिस्क आणि फाइल सिस्टीम, म्हणजे डिस्कवर फायली मांडून ठेवणारी व्यवस्था, निवडायचं काम डेटाबेसवाल्या बाईंकडे होतं, आणि ते त्यांनी गेल्या आठवड्यातच उरकलं होतं. सगळ्यात वेगवान डिस्क, साहेबांची सही, विषय संपला. पण दोन दिवसांपासून त्यांच्या जिवाला चैन नव्हती.

त्याला कारण थोरली बहीण. ती त्याच रक्तपेढीत रक्ताच्या पिशव्या तपासायची. जेवताना सहज म्हणाली, "तुझा वेगबिग राहू दे. मी नोंद केली आणि तेवढ्यात लाइट गेली, तर नोंद राहील ना गं?"

"राहील की!" बाई बोलून गेल्या खऱ्या, पण हे त्यांनी तपासलंच नव्हतं.

आज सकाळी आल्या आल्या त्यांनी नमुन्याचा सर्व्हर टेबलावर मांडला. खोट्या नोंदींचा मारा सुरू केला आणि भर कामात प्लग उपटला. परत चालू करून मोजलं, तर 'लिहिल्या' म्हणून सांगितलेल्यांपैकी तेवीस नोंदी गायब!

फाइल सिस्टीमचा दोष असेल म्हणून दुसरी टाकली. एकोणीस गायब. बाई खुर्चीत टेकेनात. खिडकीपर्यंत जायच्या, परत यायच्या. अशाच एका फेरीत लख्ख कळलं. फाइल सिस्टीम बिचारी विचारत होती, "लिहिलंस ना?" आणि डिस्क बेधडक "हो" म्हणत होती. सगळं तिच्या तात्पुरत्या मेमरीत. वीज गेली की पाटी कोरी.

कपाटात दुसऱ्या जातीची एक डिस्क पडून होती. वेगाने निम्मी, पण वीज गेल्यावर हातातलं लिहून पुरं करण्याइतकी वीज पोटात राखणारी. बाईंनी दहा वेळा प्लग उपटला. एकही नोंद हलली नाही.

त्या तशाच साहेबांकडे गेल्या. "साहेब, माझी निवड चुकली."

"सही झाल्यावर सांगताय? आता वर काय तोंड दाखवू?"

"माझं दाखवा. पण आधी बघायला चला."

साहेब आले. वेगवान डिस्क लावून त्यांनी स्वतः प्लग उपटला आणि गायब नोंदी एकेक करून मोजल्या.

"आणि फाइल सिस्टीम?"

"आधी निवडलेलीच, तिचा दोष नव्हता. मी रजेवर असले तरी इथल्या कुणालाही ती दुरुस्त करता येते."

"मंजुरीचा नवा कागद करा," साहेब म्हणाले.

बाई कागद करायला बसल्या, दोन ओळी लिहिल्या, आणि उठून, निम्म्या वेगाची डिस्क लावून, आणखी एकदा प्लग उपटून आल्या.