तारघरातून आणलेली वेळ

“साहेब, पाच वाजले. जाऊ द्या ना आता.”

साहेबांनी मान वर करून भिंतीकडे पाहिलं. “केशरबाई, पाचला अजून वीस मिनिटं आहेत.”

“माझ्या घड्याळात वाजून गेले. सकाळीच रेडिओवर लावलं मी.”

“कचेरीतली चारही घड्याळं एक वेळ दाखवतात. आणि तुमचं एकटीचं खरं?”

आता काय डोकं आपटायचं? एक वेळ दाखवणारच, चौघांना एकाच तोंडून वेळ मिळत होती! रोज दुपारी चारला तारघरात वरून तारेने बरोबर वेळ येई. ती आणायला आमचा शिपाई सेवालाल जाई. त्याच्या हाताला घड्याळ नाही. चार वाजल्याचं ऐकायचं, निघायचं, वाटेत चहा मारायचा, पानवाल्याशी गप्पा छाटायच्या आणि आल्यावर सांगायचं, “चार वाजले, साहेब.” साहेब आपलं घड्याळ चारवर नेत आणि त्यावरून बाकीच्या खोल्यांतली लावून घेत.

एकदा मी सेवालालला म्हटलंही, “काहून रे भाऊ, तू येईपर्यंत चारच राह्यतात का?”

तर म्हणतो कसा, “बाई, मले चार देल्ले, मी चार आणले. मंधात मी काई खाल्ले काय?”

कारकून फिदीफिदी हसले. सकाळी उशिरा येऊनही त्यांना लेट मार्क लागत नव्हता, ते कशाला तोंड उघडतील!

त्या दिवशी माझे वडील, आबा, पोटाच्या ऑपरेशनसाठी अनसिंगहून अकोल्याला निघाले होते. सोबत भाऊ होता. वाशीमच्या स्टँडवर त्यांची गाडी जरा थांबून सव्वापाचला सुटायची. आबा फार घाबरले होते. निरोप आला होता, “केशरले पाह्यल्याबिगर मी अकोल्याले जात नाई.” मी रजा मागितली, ती मिळाली नाही. नोकरी तात्पुरती, उठून चालू लागायची हिंमत झाली नाही. साहेबांचा राग, सेवालालचा राग, माझा स्वतःचाही राग. टाइपरायटरवर मी दगड फोडावेत तशी अक्षरं ठोकत बसले.

कचेरीच्या घड्याळात पाच झाले तशी धावत सुटले. स्टँडवर गाडी नव्हती.

“तुमीच का केशरबाई?” कंट्रोलर मारोतराव खिडकीतून म्हणाले. “म्हातारबाबा गाडीचा दरवाजा धरून उभे होते. कंडक्टर घंटी मारून थकला.”

“काई म्हणाले का?”

“म्हने, माही पोरगी सरकारी कचेरीत हाय, पाचले सुटली का येतेच. मी म्हनलं, बाबा, पाच कवाचेच वाजले. तर मलेच हासले. म्हने, तुमचंच घड्याळ पुढं असन, बाप्पा. सरकारी घड्याळ कायले चुकन?”

मारोतराव माझ्या तोंडाकडे पाहत होते.

“खरं बोलले आबा,” मी म्हटलं. “तुमचंच पुढं असन.”

अकोल्याहून आबा परत आले नाहीत.