तिसऱ्यांदा बोलावणं

यांगडोलनं फळीवरचं सगळ्यात मोठं पितळी भांडं पुन्हा खाली काढलं आणि राखेनं असं घासलं, असं घासलं, की त्यात तिचं स्वतःचं नाक दिसायला लागलं. आज हाना येणार होती! चार उन्हाळे ही जपानची बाई झंस्कारमधल्या या अकरा घरांच्या गावात येत होती, आणि चारही उन्हाळे उतरली कुठे? समोरच्या छुस्कितकडे. पाहुणे पाळीनं घ्यायचे असं गावानं ठरवलं होतं खरं, पण हाना आली की कशी कोण जाणे, पाळी छुस्कितचीच निघायची. मग वर्षभर ऐकत बसा. माझ्या हानाला असं आवडतं, माझी हाना तसं म्हणते. माझी हाना! जशी काही त्या पन्नाशीच्या बाईला हिनंच जन्म दिला होता.

या खेपेला मात्र गावच्या प्रमुखानं सरळ सांगून टाकलं, “यांगडोलकडे. वाद नको.”

हाना आली. पाठीवरची पिशवी खाली टेकवायच्या आत तिनं खिडकीतून समोरच्या घराकडे पाहिलं.

“छुस्कित बरी आहे?”

“तिला काय धाड भरलीय,” यांगडोल म्हणाली आणि लोण्याचा चहा ओतला.

हानानं घोट घेतला. “छान आहे. छुस्कित लोणी थोडं जास्त घालते, नाही?”

यांगडोलनं लोण्याचा अख्खा गोळा पेल्यात असा टाकला की चहा गालिच्यावर उडाला.

दुसऱ्या दिवशीही तेच. जवाच्या शेतात गेल्या तरी छुस्कित, मठात दिवा लावायला गेल्या तरी छुस्कित. उद्या पहाटे हाना जाणार, म्हणजे संध्याकाळ उरली एकच, आणि ती तरी आपली एकटीची असेल या आशेवर यांगडोल चुलीवर शेवयांचा पातळ थुक्पा ढवळत बसली होती, तेवढ्यात हाना म्हणाली, “छुस्कितलाही बोलाव ना जेवायला.”

आता पाहुणीला नाही कसं म्हणणार! यांगडोल गल्ली ओलांडून गेली. छुस्कित दारातच चातीवर लोकर कातत बसली होती.

“अगंबाई! चार वर्षांनी पाय लागले माझ्या उंबऱ्याला. वाट चुकलीस की काय?”

“हाना बोलावतेय. जेवायला चल.”

“छे गं, नको. मी जेवलेय.”

घरातून चुलीचा धूर येत नव्हता, काही नव्हतं. केस मात्र चापूनचोपून विंचरलेले आणि गळ्यात सणाची पोवळी.

“चल ना.”

“नको, नको. तुम्हीच जेवा पोटभर.”

आता इथं काय करायचं हे गावातल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. एका हाकेत उठून जातो तो अधाशी. दोनदा नको म्हणायचं, तिसऱ्यांदा बोलावणारीनं हात धरून ओढायचं, मग कुरकुरत उठायचं. छुस्कितनं तर चाती खालीसुद्धा ठेवली होती.

यांगडोलनं ती चाती पाहिली.

“बरं, राहिलं मग,” ती म्हणाली आणि वळली. मागे बघितलंच नाही. खोटं कुठे होतं त्यात? नको म्हणाली ती, चांगली दोनदा.

हाना चुलीपाशी तीन वाडगे मांडत होती.

“नाही म्हणाली,” यांगडोलनं सांगितलं.

“किती वेळा विचारलंस?”

यांगडोलच्या हातातली गोवरी तशीच राहिली. पाच उन्हाळे काही फुकट नव्हते गेले या बाईचे.

“तीनदा.”

हानानं मान हलवली. एक वाडगा उचलून बाजूला ठेवला. “मग रागावली असेल माझ्यावर. मी तिच्याकडे उतरले नाही ना.” आणि ती भिंतीला टेकून खिडकीतून समोरच्या घराकडे बघत बसली. यांगडोलला वाटलं होतं, आपल्याला बरं वाटेल.

तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली आणि दारात छुस्कित! बोलावणं पुरं झाल्याशिवाय कुणाच्या घरात शिरलेलं माणूस या गावानं पाहिलं नव्हतं.

“छुस्कित!” हाना उठलीच. “यांगडोलनं तीनदा बोलावलं, तरी नको म्हणालीस?”

छुस्कितनं यांगडोलकडे पाहिलं. यांगडोल जाळाकडे बघत राहिली.

“हो ना,” छुस्कित म्हणाली. “तीनदा बोलावलं बिचारीनं. हात धरून ओढलं. मीच मेली हट्टी.”

हानानं तिच्यासाठी शेजारी जागा केली. पण छुस्कित तिकडे गेली नाही. ती यांगडोलला खेटून बसली, तिच्या हातातली पळी काढून घेतली, चव घेतली आणि हळूच पुटपुटली, “मीठ कमी आहे.”

यांगडोलनं मीठ घेतलं. घाईघाईत जरा जास्तच पडलं.

छुस्कितनं पुन्हा चव घेतली.

“आता झालं बरोबर,” ती म्हणाली.