पांढऱ्या छातीची घार

कमरेचं हाड मोडलं म्हणून हे सगळं झालं. धडधाकट असते तर दिवसभर एका घरट्याकडे टक लावून बसणाऱ्यातली मी नव्हे. चाळीस वर्षं शाळेचे गणवेश शिवलेत. सुई चालू असताना पाखरं बघितली तर बोट शिवलं जातं.

लावून दिलं सूनबाईनंच, माझ्या खाटेसमोरच्या टीव्हीवर. कुठल्याशा तळ्याकाठी खांब, त्यावर काटक्यांचं घरटं, वर कॅमेरा टांगलेला. मासे मारणाऱ्या घारींची जोडी आणि तीन अंडी. तिथं जे घडतं ते त्याच घटकेला आपल्या घरात दिसतं.

"आई, सहा आठवडे उठायचं नाही सांगितलंय डॉक्टरांनी. बघा तरी," म्हणाली.

"मला काय उद्योग कमी आहेत?" मी म्हटलं. उद्योग एकच होता, तिला बोलणं.

सूनबाई क्रेन चालवते. उंच इमारती बांधतात तिथली, आभाळाला टेकलेली. लोकांना मी सांगायचे, 'बांधकामाच्या ऑफिसात आहे.' नात पाच महिन्यांची झाली आणि तिची रजा संपत आली. माझा लेक घरीच शिवणयंत्रं दुरुस्त करतो. तो म्हणाला, "मी बघतो ना पोरीला. असतोच घरात."

"आपल्या घरात पुरुष पाळणा हलवत नाहीत," मी म्हटलं. "तुम्हा तिघांना मी या दोन हातांनी वाढवलं, दुकान सांभाळून." हे वाक्य मी आयुष्यात इतक्या वेळा वापरलंय की एव्हाना ते कोपरावर फाटायला हवं होतं.

मग त्या घारी माझ्या मदतीला आल्या.

दोघांतलं एक अंगानं थोराड, गळ्याशी तपकिरी ठिपक्यांची माळ. दुसरं सडपातळ, छाती पांढरीस्वच्छ, धुऊन वाळत घातलेल्या कापडासारखी. मी बघताक्षणी निकाल दिला: थोराड तो बुवा, पांढरी ती बाई. सकाळी पांढरी मासा घेऊन यायची. माळवाला तो हिसकावून पलीकडच्या वाळक्या फांदीवर खात बसायचा. पांढरी मुकाट अंड्यांवर बसायची, दुपार टळेपर्यंत. वारा असो, गारा असोत.

"बघ," मी सूनबाईला म्हणायचे, "मासाही तीच आणते, बसतेही तीच. त्या ऐदोबाला आहे काही त्याचं? पण ती कुरकुरते का? घरटं टाकून आभाळात लोंबकळायला जाते का?"

सूनबाई एकदा टीव्हीकडे बघायची, एकदा माझ्याकडे. तोंड उघडायची आणि मिटायची. मला वाटायचं, केली की नाही बोलती बंद!

धाकट्या बहिणीला रोज फोन. "अगं, अगदी माझ्यासारखी आहे बघ ती." बहीण नुसतं "हं" म्हणायची.

तीन आठवडे हेच दळण. शेवटी शुक्रवारी सकाळी सूनबाईनं आपलं पिवळं हेल्मेट पिशवीत घातलं. "राजीनामा देऊन येते, आई. हेही परत करायचंय." लेक मागच्या खोलीत मशीन उघडून बसला होता, त्यानं मान वर केली नाही.

"शहाणी झालीस," मी म्हटलं. तो शब्द अजून घशात काट्यासारखा आहे.

दर शुक्रवारी दहा वाजता त्या घारींवर लक्ष ठेवणारी बाई स्वतः बोलते, लोकांच्या प्रश्नांना उत्तरं देते. एरवी त्या वेळी सूनबाई टीव्ही बंद करून माझं अंग पुसून द्यायची. आज ती नव्हती, म्हणून मी पहिल्यांदाच ऐकलं. खाली रोज लिहिलेलंही असतं, पण माझी शाळा तिसरीपर्यंत. सरकती अक्षरं मी धरेपर्यंत निघून जातात.

"कुणीतरी विचारलंय," ती बाई म्हणाली, "दिवसा इतका वेळ बसणारी ही मादी खाते कधी? तर गंमत अशी, की हा नर आहे. पांढऱ्या छातीचा. मादी ती मोठी, गळ्यात माळ असलेली. रात्रभर ती बसते. सकाळी हा तिला मासा आणून देतो आणि तिला मोकळी करतो. सगळेच नर इतके बसत नाहीत. याला मात्र उठवायचं तर ढकलावं लागतं."

तेवढ्यात माळवाली आलीच. तिनं त्याला खांद्यानं रेटलं. तो हलेना. पुन्हा रेटलं. तेव्हा कुठं उठला, तेही मागे बघत बघत.

मी आधी हसले. मग कान तापले. खोलीत बघायला कोण होतं? पाळण्यातली पोर, तीही झोपलेली. तरी मी चादर तोंडावर ओढली.

ती घार मला पहिल्या दिवसापासून ओळखीची वाटत होती. पण ती मी नव्हते.

लग्नानंतर सहाव्या वर्षी ह्यांच्या उजव्या हाताची चार बोटं कारखान्याच्या यंत्रात गेली. दुकान माझं चालत होतं. पोरं ह्यांनी सांभाळली, आठ वर्षं. भरवणं, न्हाऊ घालणं, लेकीच्या वेण्यासुद्धा, डावा हात आणि उजवा अंगठा मिळून. आणि मला लाज वाटायची, नवरा घरी बसलेला म्हणून. मी सगळ्यांना सांगितलं, रात्रपाळीला जातात. सांगितलं तर ते दिसायलाही हवं. मग हे रोज तिन्हीसांजेला डबा घेऊन पुढच्या दारानं निघायचे, शेजाऱ्यांना "येतो हं" म्हणायचे, वळसा घालून मागच्या दारानं घरात यायचे. डबा रिकामा. पुढच्या खोलीत दिवा लावायचा नाही, सावली दिसेल म्हणून. हा माणूस मरेपर्यंत एकदाही म्हणाला नाही, की हे काही बरं नाही. आणि ते गेले त्या दिवशीही मी चारचौघांत म्हणाले, 'या दोन हातांनी.'

मी फोन लावला.

"काय झालं, आई? पोर उठली?"

"चिठ्ठी दिलीस?"

"आत्ताच दिली. गेटवर आलेय."

"मागून घे."

"काय?"

"ती पांढरी बाई नव्हती. बुवा होता."

मग ती हळूच म्हणाली, "माहीत आहे, आई. पहिल्या आठवड्यातच वाचलं मी. खाली लिहिलेलं असतं."

"मग तुझ्या तोंडाला काय कुलूप लागलं होतं?"

"मावशींना तुम्ही इतक्या कौतुकानं सांगत होता. 'माझ्यासारखी' म्हणत होता. तुम्हाला खोटं पाडायचं माझ्या जिवावर आलं."

मला शिव्या घातल्या असत्या तर मी चार परत घातल्या असत्या. "साहेबाला सांग," मी म्हटलं, "सासूला अक्कल नाही. आज आली."

"असं कसं सांगू?"

"जसंच्या तसं."

ती परत गेली. साहेबानं तासभर बाहेर उभं करून चिठ्ठी परत दिली, वर "घरचं आधी ठरवून येत जा" हेही ऐकवलं. ती बोलणी माझ्या वाट्याची होती, खाल्ली तिनं.

दुपारी मी लेकाला हाक मारली आणि डब्याची गोष्ट सांगितली. सगळी. हातातल्या पुसण्याच्या फडक्याला तो पीळ घालत राहिला.

"मला आठवतं," तो म्हणाला. "बाबा म्हणायचे, आपण अंधारात बसायचा खेळ खेळतोय. जो आधी बोलेल तो हरला." फडकं खांद्यावर टाकत म्हणाला, "ते कधीच हरायचे नाहीत."

सोमवारपासून सूनबाई कामावर जाते. पाळणा आता पुढच्या खोलीत, खिडकीशी. तिन्हीसांजेला लेक तिथंच पोरीला घेऊन बसतो, आणि दिवा लावायला मी सांगते. एवढ्यानं काही फिटत नाही, ते मला कळतं.

बहिणीला सांगायचं राहिलं होतं. चार दिवस टाळलं. शेवटी फोन केला आणि एका दमात बोलले, घार, डबा, मागचं दार, सगळं.

ती म्हणाली, "अक्का, माझ्या स्वयंपाकघराची खिडकी त्या मागच्या गल्लीतच उघडायची. विसरलीस? रोज बघायचे मी भाऊजींना."

"आणि बोलली नाहीस?"

"पहिल्याच दिवशी त्यांनी मला बघितलं खिडकीत. हात जोडले. म्हणाले, तुम्ही बघितलंत हे तिला कळू देऊ नका, तिला फार लागेल."

हात जोडले, म्हणाली ती. चार बोटं नसलेला तो हात दुसऱ्याला कसा जोडला असेल, ते मी डोळ्यांसमोर आणायला बघते. अजून जमलेलं नाही.