ओठावरची खूण

मरळ पिलांवर असली की खात नाही, हे हामदानला मिसरूड फुटायच्या आधीपासून ठाऊक होतं. तरी सकाळपासून तीन जिवंत बेडूक गळाला लावून त्याने मलेशियातल्या केडाहच्या भातखाचरांमधल्या कालव्यात नाचवले. मरळ समोरच होती. पिलांचा लालसर घोळका पाण्यावर वळवळत होता आणि खाली तिची राखण चालली होती. बेडूक तिच्या तोंडापुढून गेला, तिने ढुंकूनही पाहिलं नाही.

घरी त्याची लेक नोरेहान पडून होती. पोट चिरून बाळ काढलं, ते दोन दिवस जगलं. त्याला अकरा दिवस झाले. टाके चिघळले होते आणि पोरगी अन्नाला शिवत नव्हती. सुईण मक तेह कालच हामदानवर खेकसली होती, "मरळीचा रस्सा पाजा तिला! जखम त्यानेच भरते. आणि बाजारातली पोसलेली नको हं, कालव्यातली आणा. एवढे मासेमार म्हणवता ना?"

डब्यात जावयाने दिलेला रबराचा बेडूक होता. तो पिलांत फेकला की मरळ भुकेने नाही, रागाने तुटून पडते. हामदानने तो कधी दोरीला बांधला नव्हता. नोरेहान सात वर्षांची असताना त्यानेच तिला बजावलं होतं, "पोरं सांभाळणारीला असं फसवायचं नाही. खरं आमिष टाकायचं. खायचं तर खाईल." आता तो बांधताना गाठ दोनदा सुटली. पहिल्याच फेकीला पाणी उसळलं.

आलं-मिरी घालून त्याने रस्सा केला. बापाने एवढं आणलंय म्हणून नोरेहान कशीबशी उठून बसली. मग वाटीतल्या मरळीच्या डोक्याकडे बघत राहिली.

"अबाह, कशावर घेतली ही?"

"बेडकावर. जिवंत."

"जिवंत बेडूक ती गिळते. गळ घशात जातो. हिचा तर ओठ फाटलाय." तिने वाटी खाली ठेवली. "पिलं होती ना?"

हामदानला खोटं रेटता आलं नाही. "होती. काय करू गं? तू डोळ्यांदेखत चाललीस."

"मला दूध अजून येतंय, अबाह," ती म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून रडायला लागली. त्यालाही रडू आवरलं नाही. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "जाऊन बघा. कधीकधी बाप असतो पिलांपाशी."

तो गेला. लाल घोळका कुठेच नव्हता. काठावर दोन बगळे चोची पुसत उभे होते. हामदानने कालवा वरपासून खालपर्यंत दोनदा पालथा घातला, पाण्यात कंबरेपर्यंत उतरून पाहिलं आणि ओल्या कपड्यांनी घरी आला.

"आहे बाप?" नोरेहानने विचारलं.

"आहे. अगदी चिकटून आहे पिलांना."

या खोट्याला ओठावर खूण नव्हती. नोरेहानने त्याच्या ओल्या कपड्यांकडे पाहिलं, तोंडाकडे पाहिलं आणि म्हणाली, "रस्सा गरम करून द्या."